मुरवण आणि निखारा

आपल्या पाकविद्येतील सगळे मोठे लौकिक पुरुषांच्या नावावर जमा आहेत, हे ध्यानात आले की मला नेहमी हसू येते. उत्तम स्वयंपाकाला आपण 'नळपाक' म्हणतो; दमयंतीने कधी काही रांधले असल्यास त्याची वार्ता नाही. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहिला तो भीम. द्रौपदीच्या वाट्याला सुदेष्णेची वेणीफणी आली. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' सिद्ध केला आणि त्यात अन्नभोगाचे सविस्तर प्रकरण घातले. तो तर राजाच होता. आजही देवस्थानाच्या महाप्रसादाचे हंडे उतरवितात ते पुरुष आचारीच. असे असूनही तुमच्या-आमच्या घरातील सुशिक्षित, संसारी पुरुषाला एक वेळची चूल पेटवावयास सांगितले, तर आगपेटी कोठे ठेवलेली असते येथपासून त्याची प्रश्नावली सुरू होते.

माझे थोरले बंधू अशांपैकीच एक. आम्ही त्यांना भाई म्हणतो. फोंडे महालातील आमच्या जुन्या घरात ते राहतात. हयातभर शाळेत मराठी शिकविले. व्याकरण असे पक्के की त्यांच्यापुढे पत्र लिहावयाची आम्हा भावंडांना अजून धास्ती वाटते. वय चौऱ्याहत्तर. गेल्या वर्षी वैशाखात वैनी गेल्या आणि पन्नास वर्षांत प्रथमच भाईंच्या ताटाचा प्रश्न उभा राहिला. शेजारच्या घरून डबा येऊ लागला, तो त्यांनी चार दिवसांत नम्रपणे परत पाठविला. स्वयंपाकाला बाई ठेवावी म्हटले, तर "तिच्या भांड्यांना परका हात नको" हे उत्तर. सकाळी पेज, दुपारी भात आणि लोणचे, रात्री पुन्हा पेज. चतुर्थीला मी बेळगावहून माहेरी गेले तेव्हा सदऱ्याची गळपट्टी त्यांच्या मानेभोवती सैल फिरत होती.

भाईंचा मुलगा परदेशी असतो. मुलगा गुणी आहे. वडिलांना अंतर द्यावयाचे त्याच्या मनात नाही. त्याने मला दूरध्वनीवरून स्पष्ट सांगितले, "आत्या, बाबांचे वजन नऊ किलोंनी उतरले आहे. दिवाळीपर्यंत मी वाट पाहीन. त्यांचे जेवण मार्गी लागले नाही तर मी येऊन त्यांना घेऊन जाणार आणि घराला कुलूप लावणार." त्याचे म्हणणे रास्त होते. परंतु ज्या घरात कुलदेवतेचा दिवा पिढ्यान्‌पिढ्या तेवत आला आणि ज्याच्या अंगणातून पालखीच्या रात्रीचे ताशे ऐकू येतात, ते घर बंद करून चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बर्फाच्या मुलखात नेऊन बसविणे म्हणजे काय, हे मलाही कळत होते आणि त्या मुलालाही. प्रश्न असा एका ताटाशी येऊन थांबला होता. भाई आपल्या हाताने रांधून जेवू लागले तर घर उघडे राहणार होते.

चतुर्थीचे दिवस आटोपल्यावर मी आठ दिवस मुद्दाम मागे राहिले. काय शिकवावे याचा विचार करू लागले तेव्हा प्रथम मनात आले ते नुस्ते. सोमवार, एकादशी आणि श्रावण सोडला तर आमच्या घरात नुस्त्याविना जेवण झाले असे क्वचितच घडे. आपणा सारस्वतांच्या या आहाराविषयी बाहेरचे लोक कधी कधी भुवया उंचावतात. त्यांनी महाभारताचे शल्यपर्व उघडून पाहावे. बारा वर्षांच्या अवर्षणात ऋषी अन्नासाठी दाही दिशांना पांगले, वेद विसरले. सारस्वत मुनी तेवढे सरस्वतीच्या काठी राहिले. आईने, म्हणजे प्रत्यक्ष त्या नदीने, रोज मासे दिले. ते खाऊन मुनींनी प्राण आणि वेद दोन्ही राखले आणि पाऊस पडल्यावर परतलेल्या ऋषींना पुन्हा वेद पढविले. जागा न सोडता टिकून राहावयाचे तर आधी जेवले पाहिजे, एवढा अर्थ त्या कथेतून भाईंसाठी काढावयास मला पुरेसा होता. त्यांना तो सांगितला तेव्हा ते किंचित हसले. वैशाखानंतर मी पाहिलेले ते पहिले हसू.

पण अडचण निराळीच निघाली. भाई स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडावयास तयार नव्हते. दाराशी उभे राहून म्हणाले, "ती तिची रांदचीकूड गो." त्यावर काय बोलणार? तेव्हा मी मागल्या दारी, पडवीच्या बाहेर, जुनी लोखंडी शेगडी काढून ठेवली. स्वयंपाक घरात नाही तर अंगणात शिकावयाचा. आणि अंगणातील शेगडीवर अगदी नवख्यालाही साधणारा आणि तरीही पोटभरीचा पदार्थ एकच: इसवणाची जाड फोड मसाल्यात मुरवून निखाऱ्यावर भाजणे.

मुलाला हे कळविले तेव्हा तो आनंदाने ओरडला, "म्हणजे बाबा स्टेक करणार!" तो शब्द कानी पडताच भाईंच्या कपाळावर आठी उभी राहिली. आपल्याकडे तो शब्द गोमांसाशी जोडलेला, तेव्हा आठी स्वाभाविकच होती. वस्तुतः स्टेक म्हणजे आडवा कापलेला जाड तुकडा. पाश्चात्त्य देशांत सामन माशाच्या तशा तुकड्यालाही हेच नाव आहे. शब्दाचे मूळ उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेत सापडते आणि त्याचा संबंध काठीला खोचून भाजण्याशी आहे. हे ऐकल्यावर भाईंमधला मास्तर जागा झाला. ते म्हणाले, "मग हे आपले 'शूल्य'च झाले!" आणि आत जाऊन अष्टाध्यायी घेऊन आले. संस्कार करून सिद्ध केलेल्या खाद्यांची नावे कशी बनतात हे सांगताना पाणिनीने शुळावर भाजलेले ते 'शूल्य', उखेत म्हणजे भांड्यात शिजविलेले ते 'उख्य' आणि लगेच पुढे दह्यात संस्कारलेले ते 'दाधिक', अशी व्यवस्था लावून दिली आहे. 'शाकुंतला'तील विदूषक मृगयेच्या दगदगीला कंटाळून कुरकुरतो, त्याच्या तक्रारीतही हे शूल्य मांस आहेच. भाजणे आणि भाजण्यापूर्वी मुरविणे ही जोडी अशी व्याकरणाच्याही ओळखीची निघाल्यावर भाईंचा विरोध मावळला. आता जे पुढे लिहीत आहे ते त्या आठ दिवसांत त्यांना सांगितले तेच, त्याच क्रमाने.

पहिला धडा बाजाराचा. आमच्याकडे इसवण किंवा विसवण, मुंबईकडे सुरमई, तमिळ मुलखात वंजरम, मासा तोच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यानंतर होड्या पुन्हा समुद्रात जातात आणि पावसाळा सरला की इसवण चांगले मिळू लागते. घेताना डोळा पाहावा: तो वर आलेला, काचेसारखा स्वच्छ हवा, बसलेला, दुधाळ नको. कल्ला उचलून पाहावा: तांबडा हवा. अंगावर बोट दाबावे. खळगा तत्काळ भरून आला पाहिजे. वास समुद्राचा यावा, माशाचा येऊ नये. भाईंनी हे चारही नियम वहीत क्रमांक घालून लिहून घेतले आणि फोंड्याच्या बाजारात मासळीवालीसमोर ती वही उघडली. ती बिचारी थक्क होऊन पाहत राहिली.

येथे एक इशारा आवश्यक आहे. इसवण, बांगडा, टुना ही एकाच कुळातील मासळी. ती उन्हात किंवा उकाड्यात पडून राहिली तर सूक्ष्म जंतू तिच्यातील हिस्टिडीन या घटकापासून हिस्टामिन तयार करतात. मग खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते. हे विष शिजविल्याने जात नाही, तळल्याने जात नाही, मसाल्याने तर मुळीच नाही. म्हणून बाजारातून थेट घरी यावे, वाटेत गप्पा नकोत आणि लगेच रांधावयाचे नसेल तर मासळी बर्फात किंवा शीतकपाटात ठेवावी. शिळ्या मासळीवर जास्त तिखट घालून वेळ मारून नेण्याची युक्ती काही घरांत चालते. ती घातक आहे.

दुसरा धडा फोडीचा. मधल्या काट्यासह आडवी कापलेली, सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीची फोड घ्यावी. तळण्यासाठी आपण पातळ फोडी करतो. निखाऱ्यावर पातळ फोड वरून रंग येण्यापूर्वीच आतून कोरडी होते. एक फोड दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. फोडी धुवाव्यात आणि स्वच्छ फडक्याने टिपून पूर्ण कोरड्या कराव्यात. या टिपण्याकडे नवशिके हटकून दुर्लक्ष करतात आणि तिथेच अर्धा पदार्थ बिघडतो. का ते पुढे येईल.

तिसरा धडा मुरविण्याचा. मुरणे हा शब्द आपल्या भाषेत मोठा समर्थ आहे. जमिनीत पाणी मुरते, बरणीत लोणचे मुरते, अंगात ताप मुरतो, माणसात विद्या मुरते. त्यामुळे आपली समजूत अशी होते की मसाला फोडीच्या गाभ्यापर्यंत जातो आणि जितका वेळ जास्त तितके बरे. दोन्ही खरे नाही. हळद, मिरची, लसूण यांचा अंश फोडीत जेमतेम काही मिलिमीटर जातो. तो पृष्ठभागाचा शृंगार आहे. खोलवर जाते ते मीठ. मीठ चोळल्यावर प्रथम फोडीतून पाणी सुटते. मग त्याच पाण्यात विरघळलेले मीठ आत शिरते आणि तेथील प्रथिने थोडी सैल करून त्यांना पाणी धरून ठेवावयास लावते. म्हणूनच मीठ लावलेली फोड भाजल्यावर रसाळ राहते.

आंबटाचे कार्य निराळे. बकऱ्याच्या मांसाला दही लावतात ते त्याचा पृष्ठभाग मऊ व्हावा म्हणून. माशाला मऊ करावयाची गरजच नाही. पाण्यावर तरंगत जगणाऱ्या जिवाला जमिनीवरच्या जनावराप्रमाणे जाड स्नायुबंध लागत नाहीत. त्याचे मांस आखूड तंतूंच्या थरांचे आणि थरांमधील पडदे अगदी नाजूक, थोड्या उष्णतेने विरघळणारे. त्याला आंबट लावावयाचे ते चवीसाठी, वास मारण्यासाठी आणि वरचा थर किंचित घट्ट होण्यासाठी. आंबट जास्त वेळ राहिले तर ते स्वतःच मासा 'शिजवू' लागते. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात लिंबाच्या रसात मासळी बुडवून विस्तवाविना 'सेविचे' नावाचा पदार्थ करतात, तो याच गुणावर. आपल्या फोडीचे असे आधीच झाले तर निखाऱ्यावर ती भुसभुशीत होते. तेव्हा आंबटात अर्धा तास पुरे. तासाच्या वर कधीही नाही.

प्रमाण चार फोडींचे देते. प्रथम एक लहान चमचा मीठ व अर्धा लहान चमचा हळद चोळून फोडी दहा-पंधरा मिनिटे ठेवाव्यात. सुटलेले पाणी टिपून टाकावे. मग बेडगी मिरचीची पूड दोन लहान चमचे, चार पाकळ्या लसूण व अर्धे बोट आले यांची गोळी, कोकमाचे आगळ दोन लहान चमचे आणि खोबरेल एक मोठा चमचा एकत्र कालवून फोडींना दोन्ही अंगांनी लावावे. आगळात मीठ असते, म्हणून आधीचे मीठ बेताचे. आगळ नसल्यास लिंबाचा रस चालेल; बेळगाव-इंदूरकडील वाचकांना तोच सोपा. मुरवण झाकून सावलीत, उकाडा असल्यास शीतकपाटात ठेवावी.

हे प्रमाण ठरविताना एक प्रसंग घडला. भाईंनी विचारले, "ती किती मीठ घालायची?" वैनी चिमटीने घालीत. ती चिमूट किती, हे मला ठाऊक होते, कारण त्यांच्या शेजारी उभी राहून मी ती अनेक वेळा पाहिली होती; पण भाईंची बोटे जाड, त्यांची चिमूट दीडपट भरे. मी म्हटले, "तिची चिमूट तुम्हाला चालणार नाही. चमचा घ्या." ते बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत बसले. मग उठले, उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेले आणि फडताळातून चमचा घेऊन बाहेर आले. आपण आत गेलो होतो हे त्यांच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे. मी काही बोलले नाही.

चौथा धडा विस्तवाचा. नारळाच्या करवंट्यांचा किंवा लाकडाचा कोळसा घ्यावा; शेगडी नेहमी मोकळ्या जागी पेटवावी. बंद खोलीत निखारे ठेवणे जिवावर बेतते, कारण त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास. ज्वाळा दिसत असता काहीही भाजावयाचे नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी ज्वाळा विझून कोळशांवर राखेची पांढरी साय धरते. तो क्षण आपला. निखारे एका बाजूस दाट, दुसऱ्या बाजूस विरळ पसरावेत, म्हणजे आच जास्त झाल्यास फोड सरकविता येते. जाळीवर वीतभर उंचीवर तळहात धरावा. तीन-चार सेकंदांत तो मागे घ्यावासा वाटला की आच बरोबर आहे. जाळी आधी चांगली तापवावी आणि अर्धा कांदा तेलात बुडवून काट्याने तिच्यावर घासावा, म्हणजे मासा चिकटत नाही.

आता टिपण्याचे कारण. भाजलेल्या पदार्थाला जो तपकिरी रंग आणि भूक चाळविणारा गंध येतो, त्याचा उलगडा लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली मांडलेल्या प्रक्रियेने होतो. प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्या संयोगाने हा रंग येतो आणि ती क्रिया सुमारे १४० अंश सेल्सियसच्या पुढे जोमाने चालते. पृष्ठभागावर पाणी असेतोवर तापमान १०० अंशांच्या वर चढतच नाही. ओली फोड म्हणून वाफवली जाते, भाजली जात नाही. याच संदर्भात एक जुनी समजूतही सोडून द्यावी. लीबिग या विख्यात जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली असे मांडले की तीव्र आचेने मांसाचे बाह्यांग बंद होते आणि रस आत कोंडून राहतो. पुढील प्रयोगांनी ते खोटे ठरले. तव्यावर किंवा जाळीवर जो चुरचुर आवाज येतो, तो रस बाहेर पडत असल्याचाच आवाज आहे. तीव्र आच लावावयाची ती रंगासाठी आणि गंधासाठी.

पाचवा धडा सर्वांत कठीण, कारण तो काही न करण्याचा आहे. फोड जाळीवर ठेवली की तिला हात लावू नये. भाईंनी पहिल्या दिवशी एका मिनिटातच चिमट्याने तिला उचलावयास सुरुवात केली. अर्धी फोड जाळीला राहिली, अर्धी निखाऱ्यांत पडली. त्यांचा चेहरा शाळेत नापास झालेल्या मुलासारखा झाला. आमची आई म्हणत असे, "नुस्तें आपूण सुटतलें, तूं ओडूं नाका." ते अक्षरशः खरे आहे. कच्चे मांस तप्त लोखंडाला धरून बसते. खालून कवच तयार झाले की पकड आपोआप सैल होते. कड हलकेच उचलून पाहावी. सहज उठली तर उलटावी, नाहीतर थांबावे. साधारण पाच-सहा मिनिटे पहिल्या अंगाला, तीन-चार मिनिटे दुसऱ्या अंगाला. अडीच सेंटिमीटरच्या फोडीला एकूण दहा मिनिटे हा हिशोब धरावा. उलटावयाचे ते एकदाच.

झाले की नाही हे कसे ओळखावे? मधल्या काट्यालगत सुरीचे टोक खुपसून पाहावे. मांस काचेसारखे पारदर्शक दिसत असेल तर कच्चे. शुभ्र, अपारदर्शक होऊन थराथराने सुटू लागले की तयार. भाईंच्या मुलाने परदेशाहून एक स्वयंपाकाचा तापमापक पाठविला होता. फोडीच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सियस दाखविले की निर्धास्त खावे, हा तिकडचा नियम. मी तो फोडीत खुपसताना पाहून भाई म्हणाले, "नुस्त्याक जोर आयला?" वैनी गेल्यानंतर त्यांनी केलेला तो पहिला विनोद. मी फोडीपेक्षा त्यांच्याकडेच जास्त पाहत होते.

शेवटच्या दोन लहान सूचना. कच्च्या फोडी ज्या ताटात मुरविल्या त्यातच भाजलेल्या फोडी पुन्हा ठेवू नयेत, आणि उरलेली कच्ची मुरवण वरून ओतू नये. दोन्हींतून कच्च्याचे जंतू शिजलेल्यावर येतात. उतरविल्यावर फोडी दोन मिनिटे तशाच राहू द्याव्यात, मग वर लिंबू पिळून, गरम भात आणि सोलकढीबरोबर वाढाव्यात.

पहिली फोड वाया गेली; दुसऱ्या दिवशीची एका अंगाने करपली; तिसऱ्या दिवशीची बरी झाली. चौथ्या दिवशी भाईंनी मला पडवीत बसावयास सांगितले आणि सगळे एकट्याने केले. भात मात्र मी शिजविणार अशी माझी समजूत होती; पाहते तो आत स्वयंपाकघरात तपेले चढलेले होते. दोन पाने घेतली. भाईंनी फोडीचा पहिला थर काढून तोंडात घातला, हळूहळू चावला आणि म्हणाले, "मीठ बरोबर जालां." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तिच्या हातचे हे नव्हे." मी म्हटले, "नव्हेच. हे तुमच्या हातचे आहे." त्यांनी मान हलविली आणि भाताचा दुसरा घास घेतला. त्या दिवशी त्यांनी दोन फोडी खाल्ल्या.

मी बेळगावला परतले. पुढे दूरध्वनीवरून बातम्या येत राहिल्या. नुस्त्यावरून वरणावर, वरणावरून भाजीवर असा अभ्यासक्रम पुढे सरकला, कारण सोमवारी काय जेवावयाचे हा प्रश्न शेगडीने सुटत नाही. शेगडी आता रविवारीच पेटते. इतर दिवशी ते आत, वैनींच्या ओट्यापाशी उभे राहून रांधतात. भांड्यांच्या जागा त्यांनी बदललेल्या नाहीत. दिवाळीला मुलगा आला. त्याला घेऊन जावयाचे होते, पण चार दिवस वडिलांच्या हातचे जेवून तो एकटाच परत गेला. जाताना वहीतील त्या चार पानांची छायाचित्रे तेवढी घेऊन गेला. पुढे एकदा त्याने तिकडे मुरवण रात्रभर ठेवल्याचे कळविले, तेव्हा भाईंनी त्याला आंबटाच्या कालमर्यादेवर चांगले अर्ध्या तासाचे व्याख्यान दिले म्हणतात.

हे सारे लिहावयाचे कारण असे की अशी घरे आता गावोगावी आहेत. मुले दूर, घरात दोनच वृद्ध माणसे, आणि त्यांतील एकालाच रांधता येते. त्या एकाच्या मागे दुसऱ्याचे काय, हा विचार आपण अशुभ म्हणून टाळतो. पण देवळाच्या कोठीत आपण पुढच्या उत्सवाचे तांदूळ आधीच भरून ठेवतो, त्याला कोणी अशुभ म्हणत नाही. तेव्हा येत्या रविवारी, दोन्ही माणसे हसतीखेळती असतानाच, शेगडी अंगणात काढावी. चार फोडी आणाव्यात. ज्याला येते त्याने पडवीत बसून राहावे आणि ज्याला येत नाही त्याच्या हातात चिमटा द्यावा. पहिली फोड निखाऱ्यांत पडेल, पडू द्यावी. बाजारातून चार आणावयाच्या त्या त्यासाठीच.